शेजाऱ्याचा कुत्रा आणि आपल्या कोंबड्या

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या कुत्र्याने आमची अंड्यांवर बसलेली कोंबडी मारली. अंड्यांतून २१ व्या दिवशी पिल्ले निघतात. १८ दिवस झाले होते. सगळे वाया गेले.

आम्हाला फार राग आला. कोणी म्हणाले, "गुरुजी, भाकरीत विष घालून टाका!" पण ती भाकरी कुत्राच खाईल कशावरून? अंगणात पोरं खेळतात. शिवाय १९६० च्या कायद्याप्रमाणे मुक्या जनावराला छळणे हा गुन्हा आहे. आणि पळते दिसले की मागे धावणे हा कुत्र्याचा स्वभावच. खरी चूक आमच्या खुराड्याची होती.

मग आम्ही काय केले, पाहा. पातळ जाळी कुत्रा दातांनी फाडतो. म्हणून जाड तारेची, अर्ध्या इंची भोकांची जाळी खुराड्याभोवती ठोकली. खाली ती फूटभर बाहेर वळवून वर दगडमाती दाबली, म्हणजे कुत्र्याला उकरता येत नाही. बोका वरून उडी घेतो, म्हणून वरही जाळी घातली. दिवस मावळला की कोंबड्या आपण होऊन आत शिरतात. तेव्हा त्या मोजायच्या नि दाराला कडी घालायची.

मग शेजाऱ्याकडे गेलो, पण भांडायला नव्हे. म्हटलं, "दादा, सकाळी आमच्या कोंबड्या सुटतात, तेवढा वेळ कुत्रा बांधत जा. आम्हीही त्या तुमच्या भाजीत येऊ देणार नाही." तो ओशाळला. आता रोज कुत्रा बांधतो.

राग दोन दिवसांचा, शेजार जन्माचा.

तुमच्या खुराड्याला कडी आहे का? आज पाहून घ्या.