रंगमंचावरील गीतमालिका आणि हरवलेल्या चित्रफिती

लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक बहुधा ध्वनिमुद्रिकांचा आधार घेतो. ध्वनिमुद्रिका हाती धरता येते; तिच्यावर वर्ष आणि क्रमांक छापलेला असतो; ती हवी तितक्या वेळा ऐकता येते. परंतु या संगीताचा एक मोठा भाग केवळ रंगमंचावर जन्माला येतो आणि कार्यक्रम संपताच विरून जातो. अशा संगीतात गीतमालिकेचे, म्हणजेच वादक ज्याला 'मेडली' म्हणतात त्या प्रकाराचे, स्थान महत्त्वाचे आहे. इंग्लंडमधील गायक डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) यांच्या १९७० च्या दशकातील दौऱ्यांचे उदाहरण घेऊन, रंगमंचावरील कलेचे काय टिकते, काय हरवते आणि ते का हरवते, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

गीतमालिकेचे स्वरूप

दोन किंवा अधिक गीते मध्ये न थांबता एकापुढे एक गुंफणे म्हणजे गीतमालिका. वरवर पाहता ही केवळ वेळ वाचविण्याची युक्ती वाटेल, आणि काही वेळा ती तशी असतेही. श्रोत्यांना ऐकावयाची गीते पुष्कळ असतात आणि कार्यक्रमाचा अवधी मात्र मर्यादित असतो. मग प्रत्येक गीताचे एखादे कडवे व ध्रुवपद घेऊन पुढे सरकणे सोयीचे ठरते. परंतु चांगली गीतमालिका याहून अधिक काही साधते. दोन गीतांची लय एकमेकींशी जुळवावी लागते; एका गीताच्या स्वरपट्टीतून दुसऱ्याच्या स्वरपट्टीत जाण्याचा मार्ग शोधावा लागतो; पहिले गीत कोठे सोडावयाचे हे साऱ्या वादकांना एकाच क्षणी समजावे लागते. हा सांधा साधला की दोन्ही गीतांना शेजारामुळे नवा अर्थ प्राप्त होतो. फुले तीच असली तरी माळ वेगळी होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्वतंत्र गीताचे ध्वनिमुद्रण कार्यशाळेत झालेले असते. त्याचा एखादा कार्यक्रम नोंदला गेला नाही तरी मूळ गीत शिल्लक राहते. गीतमालिकेचे तसे नसते. ती बहुधा रंगमंचावरच घडते. तिला मागे उभे असलेले मूळ ध्वनिमुद्रण नसते. म्हणून कार्यक्रमाची फीत हरवली तर गीतमालिकेची प्रत नव्हे, गीतमालिकाच हरवते.

हॅमरस्मिथ येथील शेवटचा कार्यक्रम

१९७२ च्या आरंभी बोवींनी 'झिगी स्टारडस्ट' या काल्पनिक गायकाचे रूप धारण करून दौरा सुरू केला. परग्रहाशी नाते सांगणारा, रंगविलेल्या चेहऱ्याचा आणि तांबड्या केसांचा हा नायक थोड्याच काळात ब्रिटनमध्ये व नंतर अमेरिका आणि जपानमध्ये प्रसिद्धीस आला. त्यांच्या साथीदारांच्या वाद्यवृंदाचे नाव 'स्पायडर्स फ्रॉम मार्स' असे होते. गिटारवर मिक रॉन्सन, बास गिटारवर ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमवर मिक वुडमन्सी असे हे त्रिकूट होते. पुढे पियानोवादक माइक गार्सन त्यांना येऊन मिळाले. ३ जुलै १९७३ रोजी लंडनमधील हॅमरस्मिथ ओडियन या नाट्यगृहात या दौऱ्याची सांगता झाली. शेवटच्या गीतापूर्वी बोवींनी हा आपला अखेरचा कार्यक्रम असल्याचे जाहीर केले. ते झिगीला निरोप देत होते. परंतु बोल्डर आणि वुडमन्सी यांनाही या घोषणेची आगाऊ कल्पना नव्हती.

त्या रात्री अमेरिकन माहितीपटकार डी. ए. पेनेबेकर आपल्या छायाचित्रकारांसह सभागृहात उपस्थित होते. बॉब डिलन यांच्या दौऱ्यावरील आणि माँटेरे येथील संगीत महोत्सवावरील चित्रपटांमुळे त्यांचे नाव झालेले होते. ध्वनिमुद्रिका कंपनीला एक छोटी चित्रफीत हवी होती; पेनेबेकर यांना मात्र येथे पूर्ण लांबीचा चित्रपट दिसला. १६ मिलिमीटर फिल्मवर, अपुऱ्या आणि सतत बदलणाऱ्या प्रकाशात हे चित्रीकरण झाले. त्यामुळे चित्र दाणेदार व अंधारलेले आहे. पण दिवाणखान्यातील सुबक छायाचित्रापेक्षा या अंधारात त्या रात्रीची धग अधिक जाणवते.

या चित्रपटात एक उल्लेखनीय गीतमालिका आहे. 'वाइल्ड आइड बॉय फ्रॉम फ्रीक्लाउड', 'ऑल द यंग ड्यूड्स' आणि 'ओह! यू प्रिटी थिंग्ज' ही तीन गीते सुमारे साडेसहा मिनिटांत एकत्र गुंफली आहेत. पहिले गीत १९६९ चे असून ते प्रकाशित झाले तेव्हा फारसे गाजले नव्हते. दुसरे बोवींनी 'मॉट द हूपल' या वाद्यवृंदासाठी लिहिले आणि १९७२ मध्ये ते त्या वाद्यवृंदाच्या नावाने लोकप्रिय झाले. तिसरे १९७१ मध्ये प्रथम पीटर नून यांच्या आवाजात लोकांपर्यंत पोहोचले. दुर्लक्षित राहिलेले एक गीत आणि इतरांच्या मुखाने गाजलेली दोन, अशी ही निवड आहे. स्वतः रचलेली परंतु इतरत्र विखुरलेली गीते कवीने पुन्हा एका सूत्रात ओवावी, असा या गीतमालिकेचा भाव आहे. तीन सुट्या ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकून तो कळणार नाही.

संमतीचा प्रश्न

त्याच कार्यक्रमाच्या अखेरच्या टप्प्यात दुसरी एक गीतमालिका सादर झाली. 'यार्डबर्ड्स' या वाद्यवृंदातून पुढे आलेले विख्यात गिटारवादक जेफ बेक पाहुणे म्हणून रंगमंचावर आले. रॉन्सन यांच्या दृष्टीने बेक हे आदर्श होते. या दोघांच्या साथीने बोवींनी आपले 'द जीन जीनी' हे गीत आरंभिले, मध्येच बीटल्सचे 'लव्ह मी डू' त्यात मिसळले आणि पुन्हा मूळ गीतावर येऊन समेवर यावे तशी अखेर केली. एक गीत १९६२ चे, दुसरे १९७२ चे. दोन्हींच्या मूळ ध्वनिमुद्रणांत तोंडाने वाजवावयाचा हार्मोनिका आहे, आणि दोन्हींचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या 'ब्लूज' संगीतापर्यंत पोहोचते. दहा वर्षांचे अंतर त्या सांध्याने मिटविले. त्यानंतर चक बेरी यांचे 'राउंड अँड राउंड' हे गीत झाले.

हा भाग चित्रित झाला होता, ध्वनिमुद्रितही झाला होता. तरीसुद्धा १९७९ मध्ये एडिनबरा येथे दाखविलेल्या व १९८३ मध्ये सर्वत्र प्रदर्शित झालेल्या चित्रपटात तो नव्हता; १९८३ च्या ध्वनिमुद्रिकेतही नव्हता. त्या प्रसंगाबद्दल बेक समाधानी नव्हते आणि त्यांची संमती मिळाली नाही. कलावंताचा हा अधिकार मान्य केलाच पाहिजे. आपण कोणत्या रूपात लोकांसमोर जावे हे ठरविण्याचा हक्क त्याचा आहे. परंतु त्याचबरोबर हेही खरे की, बोवी आणि रॉन्सन यांच्या त्या रात्रीच्या वादनाचा एक भागही त्यामुळे पडद्याआड गेला. रॉन्सन १९९३ मध्ये निवर्तले, बोवी १० जानेवारी २०१६ रोजी आणि बेक १० जानेवारी २०२३ रोजी. कार्यक्रमाला ५० वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, चित्रपटाची नवी सुधारित आवृत्ती प्रदर्शित झाली आणि तीत हा भाग प्रथमच आपल्या जागी घातला गेला. प्रेक्षकांनी तो पाहिला तेव्हा त्यातील तिन्ही प्रमुख कलावंत हयात नव्हते.

हे शक्य झाले ते एकाच कारणाने: संकलनातून वगळलेली फिल्म कोणीतरी सांभाळून ठेवली होती. वगळणे आणि नष्ट करणे यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

पुसल्या गेलेल्या फिती

दूरचित्रवाणीच्या बाबतीत मात्र हा फरक पुष्कळदा उरला नाही. फिल्मवर एकदा चित्र उमटले की ती पुन्हा कोरी होत नाही. चुंबकीय चित्रफितीचे तसे नाही. जुने पुसून तिच्यावर नवे मुद्रित करता येते. १९६० आणि १९७० च्या दशकांत दोन इंच रुंदीची ही फीत महाग होती. कलावंतांच्या व वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावरही मर्यादा होत्या. जो कार्यक्रम पुन्हा दाखवावयाचा नाही त्यासाठी महागडी फीत अडकवून का ठेवावी, असा हिशेब व्यवस्थापनाने केला. 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या साप्ताहिक संगीत कार्यक्रमाचे कित्येक भाग अशा रीतीने नाहीसे झाले. तो हिशेब त्या काळापुरता चुकीचा नव्हता; त्यात भविष्यातील प्रेक्षकाला मात्र जागा नव्हती.

जानेवारी १९७३ मध्ये बोवींनी याच कार्यक्रमात 'द जीन जीनी' सादर केले. तेथे बहुतेक गायक आधी मुद्रित केलेल्या गीतावर केवळ ओठ हालवीत. बोवी आणि त्यांचे साथीदार मात्र प्रत्यक्ष गायिले व वाजविले. मूळ फीत पुढे पुसली गेली आणि हे सादरीकरण कायमचे गेले असे मानले जाऊ लागले. परंतु त्या दिवशीचे एक कॅमेरामन जॉन हेन्शल यांनी आपल्या खास भिंगातून घेतलेल्या दृश्यांचा नमुना म्हणून एक प्रत मागून घेतली होती. ही एकमेव उरलेली प्रत आहे याची कल्पना नसतानाही त्यांनी ती जपली. डिसेंबर २०११ मध्ये, जवळजवळ ३९ वर्षांनी, ती लोकांना पुन्हा पाहावयास मिळाली. संस्थेने जे गमावले ते एका तंत्रज्ञाच्या आपल्या कामाविषयीच्या आस्थेने वाचविले.

ध्वनी राहिला, दृश्य गेले

१९७४ चा 'डायमंड डॉग्ज' दौरा हे तिसरे उदाहरण होय. एका उद्ध्वस्त नगरीचा भव्य देखावा, हलणारा पूल आणि गायकाला श्रोत्यांच्या डोक्यावरून पुढे नेणारी यांत्रिक भुजा यांनी हा दौरा नाटकाच्या जवळ नेऊन ठेवला होता. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत हा देखावा बाजूला ठेवण्यात आला. फिलाडेल्फियाजवळ झालेल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण 'डेव्हिड लाइव्ह' या नावाने प्रसिद्ध झाले. परंतु त्या देखाव्यासह झालेल्या संपूर्ण कार्यक्रमाचा चित्रपट प्रसिद्ध झालेला नाही. ॲलन येंटॉब यांनी बीबीसीसाठी केलेल्या आणि जानेवारी १९७५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'क्रॅक्ड ॲक्टर' या माहितीपटातील काही दृश्यांवरून आपणास त्याची कल्पना करावी लागते. जो दौरा मुख्यतः डोळ्यांसाठी रचला होता तो आज मुख्यतः कानांनीच ओळखावा लागतो.

१९७८ च्या दौऱ्यात लंडनमधील अर्ल्स कोर्ट येथील कार्यक्रम डेव्हिड हेमिंग्ज यांनी चित्रित केले. तो चित्रपट बोवींना पसंत पडला नाही आणि प्रदर्शित झाला नाही. मात्र फिल्म राहिली. तिच्यातील काही अंश ब्रेट मॉर्गन यांच्या २०२२ च्या 'मूनेज डेड्रीम' या चित्रपटात पाहावयास मिळाले.

जतनाचे कार्य

वरील उदाहरणांवरून एक निष्कर्ष निघतो. एखादे सादरीकरण टिकले ते श्रेष्ठ होते म्हणून, आणि हरवले ते सामान्य होते म्हणून, असे समजणे चुकीचे आहे. फितीची किंमत, करारातील कलमे, कलावंताची नापसंती, एखाद्याचे अगत्य अशा गोष्टींनी ते ठरते. म्हणूनच जतन करणाऱ्याने गुणवत्तेचा निवाडा घाईने करू नये. जे आज प्रदर्शित करावयाचे नाही तेही ठेवावे, त्यावर तारीख व स्थळ लिहावे, आणि निर्णय पुढील पिढीसाठी मोकळा ठेवावा.

बोवींनी स्वतः आपल्या वेषभूषा, हस्तलिखिते, वाद्ये व छायाचित्रे चिकाटीने जमविली होती. ८० हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आला असून, सप्टेंबर २०२५ मध्ये त्यासाठी एक स्वतंत्र केंद्र पूर्व लंडनमध्ये खुले झाले. झिगीचे कपडे तेथे नीट घडी घालून ठेवता येतात. दोन गीतांमधील सांधा मात्र घडी घालून ठेवता येत नाही. सहा वादकांनी एकमेकांकडे पाहून एका क्षणी घेतलेले ते वळण केवळ फितीवरच राहू शकते, आणि फीत राहते ती कोणीतरी ती फेकून न दिल्यामुळे.