मोजावे काय?

मेंदूच्या तळाशी असलेल्या एखाद्या धमनीच्या भिंतीवर, कमकुवत जागी, लहानसा फुगा आलेला असतो. तो तेथे आहे हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. एके दिवशी तो फुटतो. मेंदूभोवतीच्या आवरणाखाली रक्त पसरते आणि आयुष्यात कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी क्षणार्धात सुरू होते. असा रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचला, डॉक्टरांनी फुटलेली जागा बंद केली आणि तो शुद्धीवर येऊन बोलू लागला, की गंडांतर टळले असे नातेवाइकांना वाटते. परंतु साधारणपणे चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दुसरे संकट उभे राहू शकते. सांडलेल्या रक्ताचे विघटन होऊ लागते व त्यातील द्रव्यांमुळे जवळच्या धमन्या आकसतात. मेंदूच्या काही भागाला रक्त अपुरे पडते. काल नीट बोलणारा माणूस आज शब्द शोधू लागतो. कधी त्याचा एक हात उचलेनासा होतो.

हे आकसणे १९५१ साली अमेरिकेतील एकर व रीमेनश्नायडर या दोघांनी क्ष-किरण चित्रांतून दाखवून दिले. धमनी अरुंद झाल्याने अनर्थ होतो, तेव्हा ती रुंद करावी, हा विचार त्यानंतर कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक होते. निमोडिपिन हे औषध याच आशेने वापरून पाहण्यात आले. धमनीच्या भिंतीतील स्नायूंत कॅल्शियम शिरू न देणे हे त्याचे कार्य. ब्रिटनमधील ५५४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना खरे औषध, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली होती. मेंदूचा काही भाग मृत होण्याचे प्रमाण औषधामुळे शेकडा ३३ वरून २२ वर आले. मात्र निमोडिपिनच्या अभ्यासांत धमन्यांची चित्रे पाहिली, तर त्यांच्या रुंदीत म्हणण्यासारखा फरक दिसत नव्हता! रुग्ण सुधारत होते, धमन्या तशाच होत्या.

आता याच्या नेमके उलट घडले तर? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबून विचार करा.

१९८८ साली जपानमध्ये यानागिसावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एंडोथेलिन हे धमन्यांना अत्यंत जोराने आकसविणारे द्रव्य शोधून काढले. त्याला अडविणारे क्लाझोसेंटान हे औषध पुढे तयार झाले. ४१३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००८ साली आले. मध्यम वा तीव्र आकसण्याचे प्रमाण शेकडा ६६ होते. सर्वांत मोठ्या मात्रेने ते २३ वर आले. एवढे यश पाहून कोणीही हुरळून जावे. २०११ साली मात्र ११५७ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत मृत्यू व मेंदूची हानी यांत निश्चित म्हणता येईल अशी घट आढळली नाही. शिवाय फुप्फुसांच्या तक्रारी, रक्तदाब उतरणे आणि रक्तक्षय हे त्रास वाढले. जपानमध्ये तेथील चाचण्यांच्या आधारे २०२२ साली या औषधाला मान्यता मिळाली. उलट अनेक देशांत घेतलेल्या आणखी एका चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नसल्याचे २०२३ साली जाहीर झाले.

असे का व्हावे? मोठी धमनी चित्रात दिसते, पण चित्रात न दिसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतही अडथळे येतात, रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात, मज्जापेशींना पहिल्याच दिवशी इजा झालेली असते. निमोडिपिन यांपैकी नेमके कशावर काम करते, याविषयी संशोधकांत अजूनही एकमत नाही. तरीही दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम, असे एकवीस दिवस ते दिले जाते. अपरात्री झोपलेल्या रुग्णाला उठवूनसुद्धा.

ब्रिटनमधील त्या चाचणीत तीन महिन्यांनी रुग्णांची अवस्था पुन्हा तपासली होती. अशा तपासणीत धमनीची रुंदी विचारीत नाहीत. माणूस जिवंत आहे का, स्वतःचे कपडे स्वतः घालतो का, एकटा बाहेर जाऊ शकतो का, कामावर परतला का, एवढेच विचारतात. मृत्यू किंवा गंभीर परावलंबित्व वाट्याला आलेल्यांचे प्रमाण औषध न मिळालेल्यांत शेकडा ३३ होते, मिळालेल्यांत २०.