डेव्हिड आणि मार्कंडेय : शिल्पातील क्षण

वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथील देवालयाला ज्याचे नाव लाभले, त्या मार्कंडेयाची कथा सर्वश्रुत आहे. यमाचा पाश पडतो, बालक पिंडीला मिठी मारतो, शिव प्रकट होतो. यातील कोणता क्षण शिल्पकाराने दगडात धरावा? हाच प्रश्न बायबलातील डेव्हिडविषयी युरोपातही पडला होता.

मायकेलँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात फ्लॉरेन्सला घडविलेला सुमारे १७ फुटी डेव्हिड अजून लढलेला नाही. भार उजव्या पायावर, गोफण खांद्यावर, शरीर स्वस्थ. कपाळावरच्या आठ्या आणि हाताच्या फुगलेल्या शिरा तेवढ्या आतली खळबळ सांगतात. रोममधील बर्निनीचा डेव्हिड (१६२३–२४) माणसाएवढाच. पण कमरेतून पिळलेला, ओठ घट्ट आवळलेले, गोफण सुटण्याच्या बेतात. गोलिएथ शिल्पात नाहीच. तो आपल्याच पाठीमागे उभा असावा असे वाटून पाहणारा दचकतो. हे बरोक शैलीचे खरे बळ. त्याला नुसते नाटकीपण म्हणणे मला पटत नाही.

वेरूळच्या १५ व्या लेण्यात, आठव्या शतकातच, पिंडीतून प्रकट होणारा शिव यमाला लाथ मारतो. क्षण बर्निनीसारखा, फक्त शत्रू येथे चौकटीतच आहे, म्हणून आपण साक्षीदार राहतो, भिडू होत नाही. उलट मार्कंड्याच्या भिंतींवरील, खजुराहोच्या वळणाच्या मूर्ती त्रिभंगात, एका पायावर भार देऊन तोल सांभाळतात. उभे राहण्याच्या या रीतीत त्या मायकेलँजेलोच्या अधिक जवळच्या आहेत.