गाणी गेली, खेळ आले!

मध्यम लहरींवर क्रिकेटचे धावते वर्णन ऐकताना काय होते, ते आठवा. खरखर चालू असते, मधूनच आवाज बसतो. तरीही धावसंख्या बरोबर कळते. गाणे मात्र अशा खरखरीत ऐकवत नाही. असे का, याचे उत्तर आपण एका नभोवाणी केंद्राच्या इतिहासातून शोधू.

न्यूयॉर्क शहरात 1050 किलोहर्ट्झ कंप्रतेवर 'डब्ल्यू.एच.एन.' हे केंद्र होते. 1973 पासून त्यावर 'कंट्री' म्हणजे अमेरिकेतील ग्रामीण ढंगाची गाणी लागत. 1 जुलै 1987 रोजी दुपारी 3 वाजता ती थांबली आणि 'डब्ल्यू.एफ.ए.एन.' हे नवे नाव घेऊन केंद्र चोवीस तास खेळांविषयीच बोलू लागले. नावातील शेवटच्या तीन अक्षरांचा शब्द होतो 'फॅन', म्हणजे चाहता! बेसबॉलच्या सामन्यांचे वर्णन, बातम्या आणि दूरध्वनीवरून श्रोत्यांशी वादविवाद, असा सारा थाट होता. जगातील पहिले पूर्णवेळ क्रीडा-केंद्र म्हणून ते ओळखले जाते. दिवसरात्र नुसत्या खेळाच्या गप्पा कोण ऐकणार, अशी शंका तेव्हा अनेकांना होती.

पण गाणी सोडण्याची वेळ का आली? याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात ध्वनीनुसार वाहक तरंगाचा परमप्रसर, म्हणजे तरंगाची उंची, कमीजास्त करतात. वीज चमकली किंवा शेजारी एखादी मोटर सुरू झाली, की तिच्यातून निघालेले विद्युत् चुंबकीय तरंगही या उंचीतच भर घालतात. ग्राहीला दोन्हींतला फरक कळत नाही. तीच आपली खरखर. शिवाय अमेरिकेत मध्यम लहरींवरील लगतच्या कंप्रतांमध्ये 10 किलोहर्ट्झचेच अंतर असते. आपल्याकडे ते 9 आहे. शेजाऱ्याचा आवाज घुसू नये म्हणून बरेच रेडिओ सुमारे 5 किलोहर्ट्झच्या वरचे स्वर गाळून टाकतात. त्याने बोलण्याचे फारसे बिघडत नाही, कारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढ्या पट्ट्यातही ते समजते. दूरध्वनीवर आपण तेवढेच ऐकत आलो. पण व्हायोलिनचा गोडवा आणि झांजेचा झणत्कार वरच्या स्वरांत असतो, तो हरवतो.

यावर तोड काढली एडविन आर्मस्ट्राँग या अभियंत्याने. उंची तशीच ठेवून कंप्रता कमीजास्त करायची, ही त्याची एफ.एम. पद्धत. 1933 मध्ये त्याला तिची एकस्वे मिळाली आणि 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरून त्याने तिच्या चाचण्या घेतल्या. एफ.एम.वर 15 किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर स्वच्छ येतात. पुढे एफ.एम. रेडिओ घरोघरी पोचले, तसे संगीताचे श्रोते तिकडे वळले. मध्यम लहरींना उरले ते बोलणे!

आता कथेचा दुसरा टप्पा. 7 ऑक्टोबर 1988 रोजी हे क्रीडा-केंद्र 660 किलोहर्ट्झवर आले. ही जागा होती 'डब्ल्यू.एन.बी.सी.' या जुन्या केंद्राची. 1922 मध्ये, वेगळ्या नावाने, याच केंद्रावरून पैसे घेऊन दिलेली पहिली जाहिरात ऐकू आली होती. या बदलाने काय साधले? तरंगलांबी काढून पाहा. प्रकाशाच्या वेगाला कंप्रतेने भागले, की 1050 किलोहर्ट्झसाठी सुमारे 286 मीटर आणि 660 साठी सुमारे 455 मीटर येते. जमिनीलगत जाणारा तरंग जितका लांब, तितकी जमीन त्याला कमी शोषते. म्हणून प्रेषकाची शक्ती तेवढीच, 50 किलोवॉट, असूनही 660 चा आवाज अधिक दूर पोचू शकतो.

रात्री आणखी एक गंमत होते. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो जवळजवळ नाहीसा होतो आणि वरच्या थरावरून परावर्तित झालेले तरंग शेकडो किलोमीटरांवर उतरतात. त्यामुळे न्यूयॉर्कमधला रात्रीचा सामना दूरच्या राज्यांतही ऐकू येतो.

तिसरा टप्पा नोव्हेंबर 2012 चा. तेव्हापासून केंद्राचे कार्यक्रम 101.9 मेगाहर्ट्झवर, एफ.एम.वरही, ऐकू येऊ लागले. ज्या एफ.एम.ने गाणी पळवली, तिच्याच घरी खेळही गेले! प्रक्षेपणाची जागा कोणती म्हणाल? तीच एम्पायर स्टेट इमारत.

घरी जुना रेडिओ असेल तर एक प्रयोग करा. मध्यम लहरींवर एखादे केंद्र लावा आणि खोलीतील दिव्याचे बटण उघडझाप करा. मग एफ.एम.वर तेच करून पाहा. 'कट्ट' असा आवाज कुठे येतो आणि कुठे येत नाही, हे वहीत लिहून ठेवा. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल.