एक गमशील्ड, दोन मुली

मुरबाडच्या एका मंगल कार्यालयात कराटे स्पर्धा होती. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत सकाळीच पोचलो. पंच कमी पडत होते. मग सकाळी लहान गटांच्या कुमितेला, म्हणजे लढतींना, मी पंच आणि दुपारी खुल्या वयोगटात खेळाडू, असं ठरलं. दोन्ही निभावेन, अशी मिजास होती. वजनगटात बसायचं म्हणून पोटात नुसता चहा.

अकरा वर्षांच्या दोन मुली समोरासमोर आल्या. मी 'हाजिमे' (सुरू करा) म्हटलं. डोळे मॅटवर होते, पण कान शेजारच्या माइककडे: माझं नाव पुकारतायत का? निळ्या पट्ट्याच्या मुलीचा ठोसा सुरेख सुटला. 'यामे' (थांबा). कोपऱ्यांतले दोन निळे झेंडे वर गेले आणि मी युको देऊन टाकला. त्या एका गुणावर ती जिंकली. निकाल झाला, दोघी वाकल्या. लाल पट्ट्याची मुलगी मान वर करून हसली, तेव्हा तिचे दात लाल दिसले.

ओठ आतून फाटला होता. बाहेर काढतील या भीतीने ती रक्त गिळत होती. तोंडात गमशील्ड, म्हणजे दात-ओठ वाचवणारं कवच, नव्हतं. ती आणि तिची मैत्रीण, दोघींत मिळून एकच होतं आणि त्या वेळी ते शेजारच्या मॅटवर मैत्रिणीच्या तोंडात होतं. पाड्यावरून सोबत आलेली लाल पट्ट्याच्या मुलीची आजी मला म्हणाली, "सर, रगात आलं तरी खेळायचं असतं का यात?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. इतक्या लहान गटात चेहऱ्याला स्पर्शही चालत नाही. तो ठोसा गुणाचा नव्हताच, ताकीद देण्याचा होता. दुपारी माझीही रग जिरली: वॉर्मअप न करता पहिलीच मावाशी लाथ मारली आणि मांडीमागचा स्नायू धरला.

कराटेत जोराइतकाच ताबाही बघतात. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत, 7 ऑगस्ट 2021 रोजी, सौदीचा तारेग हामेदी 4-1 ने पुढे होता. त्याच्या लाथेने इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला. पंचांनी हामेदीला बाद केलं आणि सुवर्ण मिळालं ते स्ट्रेचरवरून नेलेल्या गंजजादेला.

म्हणून सांगतो. एका दिवशी एकच काम घ्या, पंच तरी व्हा नाहीतर खेळा. आपल्या शिष्याची लढत असेल तर मॅटवरून उतरा. वाकण्याआधी दोघांची तोंडं उघडून बघा, नखं बघा, बांगडी-पैंजण काढायला लावा. 'यामे' म्हटल्यावर आधी मुलांचे चेहरे, मग झेंडे. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा डोकेदुखी सुरू झाली, तर "बरं आहे सर" यावर विसंबू नका. लढत थांबवा आणि 108 ला फोन लावा. पालकांनो, पदकाच्या फोटोआधी लेकराला स्वतःचं गमशील्ड घेऊन द्या. एकाचं दुसऱ्याच्या तोंडात नको.

हल्ली माझ्या बॅगेत झेंड्यांखाली चार-पाच कोरी गमशील्डं आणि गरम पाण्याचा थर्मास असतो. पाण्यात मऊ करायचं, दातांवर चावून बसवायचं, दोन मिनिटांचं काम. तेवढी दोन मिनिटं लढत उशिरा सुरू झाली, तर माइकवाला ओरडतो. ओरडू दे.