कुशीवर झोपणारीने मॅट घेताना

नारायणगुडा, हैदराबाद
२१ नोव्हेंबर

चि. मुक्ता,

तुझा मेसेज मिळाला. तंबूत झोपायच्या पाच मॅटचे फोटो, खाली किमती, आणि शेवटी "आत्या, यातली कुठली?" नुसता नंबर कळवून मोकळी झाले असते, पण मग पुढच्या वर्षी स्लीपिंग बॅग घेताना आणखी पाच फोटो आले असते. म्हणून सविस्तर लिहिते.

वहिनी म्हणते जाडात जाड घे, तुझा तो ट्रेकवाला मित्र म्हणतो हलक्यात हलकी. तिला तुझी पाठ दिसते, त्याला तुझी सॅक. आधी बघायचं ते तू झोपतेस कशी. तू लहानपणापासून कुशीवर झोपतेस, गुडघे पोटाशी घेऊन. उताणं झोपणाऱ्याचा भार पाठ, कंबर, पोटऱ्या असा पसरतो. कुशीवर वळलं की तोच भार खांदा आणि खुब्याचं हाड या दोन जागांवर गोळा होतो. उताण्या माणसाचं अडीच-तीन सेंटिमीटरमध्ये भागतं. तू पाचच्या खाली जाऊ नकोस. फोटोतल्या पहिल्या दोन मॅट इथेच बाद.

आता रुंदी. साधारण मॅट ५१ सेंटिमीटर रुंद असते. सरळ झोपणाऱ्याला ती चालते. तुझे गुडघे मात्र मध्यरात्री जमिनीवर येणार. तुला ६३-६५ सेंटिमीटरची हवी. लांबीत काटकसर कर, तुझ्यासारख्या सव्वापाच फुटांच्या आतल्या मुलीला १८३ सेंटिमीटरचं काय करायचंय? आखूड आणि रुंद अशी मॅट दुकानात पटकन सापडत नाही, पण शोध. सापडली नाही तर नेहमीच्या लांबीची रुंद घे, पायाशी कपड्यांची पिशवी ठेवता येते.

नुसत्या हवेच्या मॅटऐवजी मी तुला आपोआप फुगणारी फोमवाली घे म्हणते, त्याला कारण आहे. हिच्या आत भांडी घासायच्या स्पंजसारखा उघड्या छिद्रांचा फोम असतो आणि तो वरच्या-खालच्या हवाबंद कापडाला सगळीकडून चिकटवलेला असतो. हवा दाबून काढून व्हॉल्व्ह बंद केला की फोम दबून राहतो. व्हॉल्व्ह उघडला की तो मूळच्या आकारावर येतो आणि येताना हवा आत ओढून घेतो. ही युक्ती अमेरिकेतल्या सिएटलची. १९७१ साली बोइंगने मोठी नोकरकपात केली, तेव्हा जिम ली आणि नील अँडरसन हे इंजिनिअर घरी बसले. ली डोंगर चढणारा माणूस. बागकाम करताना गुडघ्याखाली फोमची उशी होती, भार पडला की तिच्यातून हवा बाहेर पडते हे त्याने पाहिलं, आणि ही हवा आतच अडवली तर, असं त्याच्या मनात आलं. जॉन बरोज हा गिर्यारोहक मित्र तिसरा भागीदार झाला आणि १९७२ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. त्यांच्या मॅटचं 'थर्मारेस्ट' हे नाव तू पाहिलंच असशील. आज सगळ्या कंपन्यांच्या फोमवाल्या मॅट याच तत्त्वावर चालतात, त्यामुळे नावासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

फोम दोन्ही बाजूंना चिकटलेला असल्यामुळे कूस बदलली तरी मॅट डुचमळत नाही, कुरकुर आवाज करत नाही, आणि रात्री भोक पडलंच तर निदान दबलेला फोम तरी अंगाखाली राहतो. हवेची मॅट हलकी असते, बांधल्यावर पाण्याच्या बाटलीएवढी होते, हे खरं. पण तुझी झोप सावध आहे, तिच्या कुरकुरीने मोडेल.

दुकानदार सांगेल, व्हॉल्व्ह उघडा आणि विसरून जा. तसं पूर्ण होत नाही. महिनोन्‌महिने खोक्यात दबलेला फोम सुस्तावलेला असतो. घरी आणल्यावर पहिल्यांदा व्हॉल्व्ह उघडा ठेवून रात्रभर पडू दे. पुढेही तंबू लागला की आधी मॅट पसरायची, मग चहा. शेवटी दोन-तीन फुंकरा माराव्याच लागतात. त्या मोजक्याच मार, तोंडातल्या वाफेने आतला फोम दमट होतो आणि कालांतराने त्याला वास येतो.

आणि ठासून फुगवू नकोस! मॅट टोचते, टणक आहे म्हणणारे बहुतेक जण तिचा फळा करून झोपलेले असतात. फुगवून झाली की कुशीवर आडवी हो, व्हॉल्व्ह किंचित सैल कर आणि खुबा हळूहळू आत जाऊ दे. हाताचा तळवा मॅटखाली, बरोबर खुब्याच्या जागी सरकवून बघ. हाड हाताला लागलं तर हवा कमी, खुबा जराही रुतला नाही तर हवा जास्त. उठून बसल्यावर बूड जमिनीला टेकलं तर टेकू दे, आपल्याला मॅटवर बसायचं नाहीये.

एक गंमत लक्षात ठेव. संध्याकाळी ३० अंशांत भरलेली हवा पहाटे १० अंशांवर आली की सहा-सात टक्क्यांनी आक्रसते. पहाटे मॅट मऊ लागली की सगळे "भोक पडलं, भोक पडलं" करत बॅटऱ्या काढतात. एक फुंकर मारायची आणि झोपायचं.

थंडी खालून येते, हे पुण्यात गादीवर झोपून कळत नाही. स्लीपिंग बॅगमधलं भरण आपल्या वजनाखाली चेपलं जातं, त्यातली हवा जाते आणि त्या बाजूने ऊब राखायला काही उरत नाही. ते काम मॅटचं. त्यासाठी 'आर-व्हॅल्यू' हा आकडा बघायचा. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजून सोयीचा आकडा छापायची. २०१८ मध्ये एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेने एफ३३४० ही चाचणी ठरवली. मॅट एका गरम आणि एका थंड पाटीच्या मध्ये ठेवतात आणि वरची पाटी गरम राखायला किती वीज लागते ते मोजतात. खोक्यावर त्या मानकाचा उल्लेख असेल तरच दोन मॅटची तुलना कर. पवना धरणाच्या काठाला किंवा आमच्या अनंतगिरीला डिसेंबर-जानेवारीत दोन ते तीन पुरे. बर्फात झोपायचं तर पाचच्या वर. पण त्यासाठी आज महागडी मॅट घेऊन ठेवू नकोस. आकड्यांची बेरीज होते. तिनाच्या मॅटखाली दोनाची साधी, न फुगणारी कॅरीमॅट टाकली की पाच. हिमालयाचा बेत ठरेल तेव्हा बघू.

तीच मॅट हरिश्चंद्रगडावरही न्यायची म्हणतेस, ते मात्र मला पटलेलं नाही. पवनेला तुम्ही गाडीने जाणार, तंबूपर्यंत चार पावलं. तिथे दोन-अडीच किलोची आठ सेंटिमीटर जाडीची मॅट नेलीस तरी कोण विचारतंय. गडावर पाचनईकडून, म्हणजे सोप्या वाटेने गेलीस तरी सगळं पाठीवर न्यायचं आहे, आणि वर गुहेतच झोपायचं तर खाली बेसॉल्टची फरशी. एकाच मॅटमध्ये दोन्ही बसवायचं म्हणतेस, तर फोटोतली तिसरी घे. पाच सेंटिमीटर, रुंद, किलो-सव्वा किलोच्या आसपास. चौथी-पाचवी चांगल्या आहेत, पण त्या पाठीवर घेऊन तू गडाच्या वाटेवर मला फोन करून शिव्या देशील.

घेण्याआधी दुकानात आडवी हो. लाजू नकोस. मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत मॅट पसरून ठेवलेल्याच असतात. हाताने दाबून कळत नाही. बूट काढ, कुशीवर झोप, दहा मिनिटं फोन बघत पडून राहा. मग घरी आणून एक अख्खी रात्र फरशीवर. पुस्तकांचा गठ्ठा ठेवून सकाळपर्यंत हवा टिकते का तेही बघून घे, म्हणजे बदलून घ्यायची मुदत निघून जाणार नाही. आमच्याकडे तांदूरची फरशी आहे, अनंतगिरीच्या जवळचीच. संक्रांतीला येशील तेव्हा तिच्यावरही बघता येईल.

इथे अजून कापूस पिंजणारे गल्लीत येतात. कापसाच्या गादीला आम्ही उन्हात टाकतो, बडवतो, पिंजून घेतो, ती पुन्हा नवी होते. या मॅटचं उलटं आहे. उन्हात गाडीत बंद ठेवलीस तर तापून फोमचा चिकटा सुटतो, मध्येच टेंगूळ येतं, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. दिवसा तंबूत पसरलेली असेल तर व्हॉल्व्ह उघडा टाक. घरी आणल्यावर गुंडाळून ठेवू नकोस. पुसून, वाळवून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून पलंगाखाली सरकव. फोम कायम दबलेला राहिला तर फुगायचं विसरतो.

तंबूखाली जाड प्लॅस्टिक हवंच. आपल्या दख्खनच्या माळांवर बाभळीचा काटा असतो, इथले लोक त्या झाडाला तुम्मा म्हणतात, तो तंबूचं बूड भेदून सहज वर येतो. जागा निवडली की आधी हाताचा तळवा फिरवून खडे-काटे वेच. भोक पडलं तर मॅट फुगवून साबणाचं पाणी लाव, बुडबुडा येईल तिथे पेनाने गोल कर, पूर्ण वाळव आणि किटमधलंच ठिगळ लाव. सायकलवाल्याचं सोल्यूशन या कापडावर धड धरत नाही.

तंबू उतारावर लागला तर डोकं चढाकडे ठेव. नायलॉनवर नायलॉन घसरतं, पहाटे सगळे तंबूच्या दारात गोळा झालेले असतात.

अनंतगिरीच्या बेतासाठी आधी हैदराबादपर्यंत यायचीही गरज नाही. पुण्याहून येणाऱ्या बहुतेक गाड्या वाडी-तांदूर-विकाराबाद अशा येतात. विकाराबादला थांबणारी गाडी बघ, तिथून डोंगर पाच-सहा किलोमीटर. मी इथून येते. रात्री कुठे तंबू लावू देतात हे मी आधी विचारून ठेवीन, वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही.

तुझा बाबाही यायचं म्हणतोय असं वहिनी म्हणाली. त्याला मॅट घेऊ नकोस, कितीही जाड असली तरी. त्याची अडचण झोपण्यात नाही, रात्री दोनदा जमिनीवरून उठण्यात आहे. घडीची खाट बघ, गुडघ्याच्या उंचीची, आणि तिच्यावर तुझी जुनी कॅरीमॅट टाक, कारण खाटेखालून वारा वाहतो आणि पाठ गार पडते. खाट तंबूच्या दारातून आत जाते का, ते आधी मोजून घे.

तुझी,
आत्या