लॉ फर्मचा अर्ज: पैसे कुठे लागतात आणि कुठे देऊ नयेत

मुंबईतल्या लॉ फर्मकडे इंटर्नशिपसाठी किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून अर्ज करायला किती खर्च येतो? मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या पालकांना हा प्रश्न पडलेला असतो. अर्जाला एक रुपयाही लागत नाही. फर्मच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरायचा किंवा ईमेलने बायोडेटा पाठवायचा, एवढंच. खर्च येतो तो मुंबईत राहण्याचा, आणि मेहनत लागते ती फॉर्ममधल्या प्रश्नांना.

तरीही या फुकटच्या गोष्टीसाठी पैसे मागणारे भेटतात. कोणी ‘नामांकित फर्ममध्ये इंटर्नशिप मिळवून देतो’ म्हणून नोंदणी शुल्क घेतं. कोणी घरबसल्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र विकतं. कोणी दोन-पाच हजारांत बायोडेटा आणि प्रश्नांची उत्तरं लिहून देतं, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. माझं मत स्पष्ट आहे: यातल्या कशालाही पैसे देऊ नका. चांगली फर्म विद्यार्थ्याकडून शुल्क घेत नाही. विकत घेतलेली उत्तरं तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडतात, कारण ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारल्यावर सांगायला काही नसतं. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या उत्तराचंही तेच होतं.

आता खऱ्या खर्चाकडे येऊ. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. खटले चालवणाऱ्या आणि अपिलं चालवणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या वकिलांकडे एकदा तरी काम केलेलं असावं, अशीही अपेक्षा आहे. म्हणजे सगळे आठवडे मुंबईत काढायची गरज नाही. ओरोसचं जिल्हा न्यायालय, मालवण-कुडाळची तालुका न्यायालयं आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण इथे घरून डबा घेऊन जाता येतं. खर्च एसटीच्या तिकिटाचा, आणि मुलींना मार्च 2023 पासून तेही अर्धंच. अपिलांच्या कामासाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सिंधुदुर्ग त्याच्याच कक्षेत येतो. कॉट बेसिसवर राहून, मेसला जेवून कोल्हापुरात महिना दहा-बारा हजारांत निघावा.

मुंबईचा महिना महाग पडतो. पीजीमधल्या एका खाटेला उपनगरात आठ ते बारा हजार आणि वर तेवढ्याच रकमेची अनामत, जेवणाचे पाच-सहा हजार, लोकलचा पास, गावाहून जाण्या-येण्याचं रेल्वेभाडं. एकूण अठरा-वीस हजार हाताशी असावेत, अनामत वेगळी. आपल्याकडे बहुतेक घरांतलं कोणीतरी डोंबिवली, दिवा किंवा विरारला असतं आणि ‘काकांकडे राहील’ म्हणून विषय संपवला जातो. काकांच्या वन रूम किचनमध्ये आणखी एक माणूस महिनाभर वाढणं ही छोटी गोष्ट नाही. किराण्याला तीन-चार हजार काकींच्या हातात आधीच द्या. ते धरूनही महिना सात-आठ हजारांत होतो. मानधनावर हिशेब बसवू नका. काही मोठ्या फर्म देतात, पण बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. फर्मचं ऑफिस फोर्टात की लोअर परळला, हे जागा ठरवण्याआधी बघा. विरारहून फोर्टपर्यंत रोज जाऊन येण्यात किमान तीन-चार तास जातात.

मुख्य काम फॉर्मचं. मोठ्या फर्मच्या फॉर्ममध्ये मार्कांशिवाय तीन-चार प्रश्न असतात. एकाच वेळी अनेक कामं अंगावर असताना तुम्ही काय केलंत? मतभेद असलेल्या लोकांबरोबर काम केल्याचा प्रसंग सांगा. एखादी गोष्ट चुकीची वाटली तेव्हा काय केलंत? उत्तराला दोनशे-अडीचशे शब्दांची मर्यादा. इंग्लंडमधल्या फर्मच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या अर्जांतून ही पद्धत रुळली आणि आता आपल्याकडेही दिसते. इथे आपली मुलं अडखळतात. ‘मी मेहनती, प्रामाणिक असून मला टीमवर्कची आवड आहे,’ असं लिहून मोकळी होतात. ‘आमच्याकडे गावात कुठले असले प्रसंग?’ असं त्यांना मनापासून वाटतं.

खरं तर त्यांच्या घरात कायद्याचेच प्रसंग चाललेले असतात. समजा, आजोबा वारले आणि सातबाऱ्यावर वारस नोंद करायची आहे. वडील आणि काका तलाठ्याकडे अर्ज देतात, त्यात आत्याचं नाव नाही. ‘तिचं मुंबईला चांगलं चाललंय, तिला काय करायची आहे जमीन?’ घरातली कायदा शिकणारी मुलगी यावर बोलते. या प्रसंगावर कच्चं उत्तर असं येतं: ‘आमच्या कुटुंबात जमिनीवरून वाद झाला होता. मी सर्वांना समजावलं आणि वाद मिटला. यातून मला संवादाचं महत्त्व कळलं.’ यात तिने नेमकं काय केलं, याचा पत्ताच नाही.

तेच उत्तर असं लिहिता येतं: ‘अर्जाचा मसुदा वाचताना आत्याचं नाव नसल्याचं माझ्या लक्षात आलं. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे मला माहीत होतं. पण जेवणाच्या पानावर कायदा सांगितला असता तर वडिलांनी ऐकलं नसतं. मी आधी तलाठी कार्यालयात जाऊन विचारलं. फेरफाराची नोंद झाल्यावर नोटिसा निघतात, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात आणि हरकत आली तर प्रकरण लांबतं, हे समजून घेतलं. मग काकांना एकटं गाठून सांगितलं की नाव आज घातलं तर एका अर्जात काम होईल, नाहीतर पुढे जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात हा प्रश्न उभा राहील. काका राजी झाल्यावर त्यांना बरोबर घेऊन मी वडिलांशी बोलले. आत्याला फोन मी केला. अर्ज तिन्ही नावांनी गेला. वडील काही दिवस माझ्याशी तुटक वागले.’

या उत्तरात प्रसंग दोन ओळींत संपला आहे आणि बाकी सगळी जागा कृतीला दिली आहे. अडीचशे शब्दांतले दीडशे तरी कृतीचे असावेत आणि वाक्यांचा कर्ता ‘मी’ असावा. ‘आम्ही’ लिहिलंत की वाचणाऱ्याला तुमचा वाटा कळत नाही. शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण योग्य वागण्याची किंमत मोजली, हे त्यात दिसतं. वडिलांचं ते तुटक वागणं विकतच्या उत्तरात कधीच येणार नाही.

असे प्रसंग शोधायला लांब जावं लागत नाही. तारकर्लीत घरचं होमस्टे असेल तर मे महिन्यात एकाच खोलीची दोन बुकिंगं दारात उभी राहिली, तेव्हा कोणी काय केलं? रापणीच्या मासेमारीतल्या वाट्याचा हिशेब कोण लिहितं आणि कोणी हरकत घेतली तर काय होतं? पर्ससीन मासेमारीविरोधातल्या निवेदनाचा मसुदा तुम्ही लिहिला होता का? आधी मराठीत लिहून काढा, घरच्यांना वाचून दाखवा, ‘असंच झालं होतं ना?’ विचारा, मग इंग्रजीत आणा. माणसांची नावं, गट नंबर, अशिलांचे तपशील कुठेही घालू नका. गोपनीयता पाळता की नाही, हेही तिथूनच कळतं.

पदवीनंतरचे खर्च थोडक्यात. सनदेसाठी नोंदणी शुल्क खुल्या वर्गाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये. राज्यांच्या बार कौन्सिलांना याहून जास्त घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 ला दिला. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत हा आकडा पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत होता. अखिल भारतीय बार परीक्षेला 3,500 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 2,500. मुंबईत सॉलिसिटर व्हायचं असेल तर बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आणि त्याआधी सॉलिसिटरकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप. ज्युनियर वकिलांना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे 2025 च्या निकालानंतर तीन वर्षं वकिली आवश्यक झाली आहे. घरखर्चाचा विचार करताना ती तीन वर्षं धरावीच लागतात.

इंटर्नशिपच्या नावाखाली पैसे गेलेच असतील तर पावती, यूपीआयचा तपशील आणि व्हॉट्सअॅपवरचं संभाषण जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच 1930. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

आणि दिवाळीच्या सुट्टीतली इंटर्नशिप हवी असेल तर गणपतीची वाट न बघता अर्ज आधीच पाठवा. मोठ्या फर्मच्या जागा काही महिने आधीच भरलेल्या असतात. राहण्याचं मात्र गणपतीतच बोलून घ्या, मुंबईचे काका-काकी तेव्हा घरी आलेले असतात.